रोटोटुनाची केबल कार

माझ्या बायकोला सातव्या महिन्यात केबल कारचे डोहाळे लागले.

आंबट-चिंबट, चिंचा-आवळे, गेला बाजार पाटीवरची पेन्सिल, एवढे डोहाळे मी ऐकून होतो आणि त्यांच्यासाठी माझी तयारीही होती. मी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये फार्मासिस्ट आहे. माल लागायच्या आधी फळीवर हजर पाहिजे, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. त्यामुळे तिसरा महिना लागताच मी इंडियन दुकानातून कैरीच्या लोणच्याच्या बरण्या, चिंच, आवळासुपारी असा सगळा आंबट साठा भरून ठेवला होता. शकुने त्यातल्या एकाही बरणीचं झाकण उघडलं नाही. काय हवं विचारलं की उत्तर एकच, "काही नको."

तिच्या आई रोज सांगलीहून फोन करायच्या. त्या बाळंतपणाला इकडे येणार होत्या, पण ऐन वेळी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि बेत फिसकटला. तेव्हापासून शकु गप्प झाली होती, आणि सगळी चौकशी माझ्याकडे व्हायची.

"काय म्हणतायत डोहाळे, हरीशराव?"

"काही नाहीत, आई."

"असं कसं? डोहाळे नाहीत म्हणजे पोरगी काहीतरी मनात ठेवून आहे. आणि पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळत राहते, सांगून ठेवते."

मी विज्ञानाचा माणूस आहे. लाळ सगळ्याच मुलांची गळते, हे मला माहीत आहे. तरी पण उगाच धोका कशाला घ्या? मी शकुच्या मागे लागलो. शेवटी एका रविवारी ती कपडे वाळत घालत होती, हातातला चिमटा तारेवर इकडून तिकडे सरकवत म्हणाली, "मला त्या केबल कारमध्ये बसायचंय."

"कुठल्या?"

"आपल्या. तायफच्या."

इथे थोडं थांबून तायफबद्दल सांगायला हवं. तायफ हे सौदी अरेबियातलं डोंगरावरचं जुनं शहर, उंटांच्या तांड्यांच्या काळापासूनचं. खाली वाळवंट भाजत असतं तेव्हा तिथे संध्याकाळी स्वेटर लागतो. वसंतात सगळं गाव गुलाबाच्या वासाने भरून जातं. न्यूझीलंडला यायच्या आधी शकु तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि मी दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत. एका गावात नोकरी, एका जिल्ह्यातले, म्हणून दोन्ही घरच्यांनी सुट्टीत सांगलीला आमचं लग्न लावून टाकलं. परत गेलो तर तिची नाइट आणि माझी डे. मी घरात शिरायचो तेव्हा ती बाहेर पडायची. नवरा-बायको म्हणून आमची पहिल्या पंधरवड्याची ओळख ही दारातली ओळख. मी तिला "अहो, किल्ली घेतलीत का?" असं विचारायचो, आणि ती "हो" म्हणायची.

मग दोघांची सुट्टी एकदाची एका दिवशी आली, आणि गावाबाहेरच्या डोंगरावरून खाली जाणाऱ्या केबल कारमध्ये आम्ही बसलो. रस्त्याच्या कठड्यावर माकडं ओळीने बसलेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तपासणी केल्यासारखी बघत. केबल कार निम्म्या वाटेवर गेली आणि वारा सुटला. वारा सुटला की ती थांबवतात, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. वर तार, खाली दरी, मध्ये आम्ही दोघं. शकु घाबरली असणार, हे ओळखून मी तिचा हात धरला. तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी औषधांची नावं ए, बी, सीच्या क्रमाने सांगायला सुरुवात केली. मेटोप्रोलोलपर्यंत आलो आणि केबल कार सुरू झाली. वर परत आल्यावर आम्ही पुदिन्याचा चहा प्यायलो. एवढीच ती गोष्ट. पण मला त्या चहाची चव अजून आठवते, हेही खरं.

तर आता डोहाळा पुरवायचा होता. तेव्हा सौदीला नुसतं फिरायला जायचा व्हिसा मिळत नसे. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, सौदीला कामाला जाता येईल, धंद्यासाठी जाता येईल, यात्रेला जाता येईल. तुम्ही कशात बसता? मी म्हटलं, केबल कारमध्ये. त्याने फोन ठेवला. तसंही सातव्या महिन्यात अर्ध्या पृथ्वीचा प्रवास कुणी करू दिला नसता.

आमच्याकडे अडचण आली की डॉक्टर चंद्रशेखर आणि विभावरीवहिनींना विचारायचं असतं. डॉक्टर भूल देतात. वहिनी हॅमिल्टनमधल्या समस्त मराठी माणसांची हळदीकुंकवं, बारशी आणि मंगळागौरी पार पाडतात. दोघांच्याही पुढे माणूस फारसा प्रतिकार करू शकत नाही.

"वेलिंग्टनला आहे की केबल कार," डॉक्टर म्हणाले.

"ती रुळांवरून जाते, डॉक्टर. जमिनीला चिकटून! जमिनीला चिकटलेल्या वस्तूला मी केबल कार म्हणणार नाही," मी बाणेदारपणे म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

"मग रोटोरुआचा गोंडोला. तो तारेवरून लोंबकळत जातो," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही रोटोरुआला गेलो. सुरेख गोंडोला. खाली तळं, समोर डोंगर. मी डोळे मिटून निसर्गाचा आस्वाद घेतला. काही मिनिटांत आम्ही वर पोचलो, आणि मी शकुकडे मोठ्या आशेने बघितलं.

"ही कुठे थांबलीच नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, चांगलंच आहे की! परतीच्या वाटेवर तिरौ गावाच्या आसपास ती एकदम म्हणाली, "तिकडे ड्यूटीवरून आलं की जिन्यात कुणीतरी भेटायचं रे. लीलाम्मा, नाहीतर ती फिलिपिनो ग्रेस. इथे माणसं गाडीसकट घरात जातात."

ते खरंच होतं. आम्ही राहतो त्या रोटोटुना उपनगरात संध्याकाळी गाड्या येतात, गराजचं दार रिमोटने वर जातं, गाडी आत, दार खाली. आतला माणूस गोरा आहे की काळा, हे सहा-सहा महिने कळत नाही. घर माझ्या हौसेखातर घेतलेलं, नवं, चार बेडरूमचं. त्या चारही बेडरूममध्ये शकु दिवसभर एकटी हिंडत असे. मला फार वाईट वाटलं. चूल, सासर, माहेर सगळं सोडून आलेल्या माणसाने मागून मागून मागितली काय, तर एक केबल कार, आणि ती सुद्धा मला देता येत नव्हती.

तोडगा वहिनींनी काढला. "सातव्याचं डोहाळजेवण करायचंच आहे. होडीतलं करतात, झोपाळ्यावरचं करतात, चांदण्यातलं करतात. आपण केबल कारमधलं करू!"

"म्हणजे पुठ्ठ्याची?"

"पुठ्ठ्याची कशाला? चालणारी."

चालणारी केबल कार कशी करतात, हे मला फार्मसी कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. मी मागच्या अंगणात टेप घेऊन उभा राहिलो, तेवढ्यात कुंपणावरून एक डोकं वर आलं. शेजारचा वॉरन. दुधाच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करून तो रिटायर झाला होता. दोन वर्षांत आमचं "गुड डे" आणि "लव्हली डे" याच्या पुढे संभाषण गेलेलं नव्हतं. मी त्याला अडचण सांगितली. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला मीच काहीतरी देणगी दिल्यासारखं वाटलं.

"मेट, तुला फ्लाइंग फॉक्स पाहिजे! इथल्या निम्म्या पोरांच्या अंगणात असतो. तार, दोन पुली, आणि लटकायला काहीतरी. स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या भाषेत एकदम झकास.

तार बांधायला आमच्याकडे झाड नव्हतं. रोटोटुना म्हणजे कालपरवापर्यंत गाईंची कुरणं. आमच्या अंगणातलं लिंबाचं झाड माझ्या कमरेला लागत होतं. वॉरनकडे मात्र त्या काळातला एक जुना ओक शिल्लक होता. म्हणजे केबल कार आमच्या डेकवरून निघून कुंपण ओलांडून वॉरनच्या ओकापर्यंत जाणार. त्यासाठी वॉरनने कुंपणाच्या फळ्या काढून गाडी जाईल एवढं खिंडार पाडलं. त्या फळ्या आजतागायत त्याच्या गराजमध्ये आहेत. डब्याच्या जागी त्याच्या डेकवरचा जुना दोघांचा झोपाळा आला, त्यावर फ्रिजच्या खोक्याचं छप्पर, छपराला खिडकी. जमिनीपासून उंची माझ्या डोक्याएवढी. वॉरनने पुल्यांना ग्रीस लावलं आणि मागे सरून, डोळे बारीक करून बघितलं. मीही बघितलं. त्याच्यापेक्षा चार पावलं जास्त मागे सरून, नीट दिसावं म्हणून.

मग सल्लागार सुरू झाले.

मागच्या घरातल्या बाईंनी तार बघून काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला असावा. तिथून एक तरुण बाई आल्या आणि तारेखाली उभ्या राहिल्या. "हे नेमकं काय आहे?"

"केबल कार."

"पॅसेंजर किती?"

"एक," मी म्हणालो. मग प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, "दीड."

डोहाळजेवण म्हणजे काय, हे इंग्रजीत समजावणं सोपं नाही. बेबी शॉवर म्हटलं की केक आणि फुगे डोळ्यांसमोर येतात. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, धनुष्यबाण आणि ओळखायचा पेढा की बर्फी, एवढं सगळं सांगून होईपर्यंत त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते कळलं नाही. बहुधा माझं इंग्रजी. जाताना म्हणाल्या, "नियमात हे कुठे बसतं, मला खरंच माहीत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर जरा खाली घेतलं असतं."

केबल कार माझ्या छातीपर्यंत खाली आली.

डॉक्टर चंद्रशेखर आले. ऑपरेशनपूर्वी पेशंटला जे जे होऊ शकतं ते सगळं सांगायची त्यांना सवय आहे, ती त्यांनी अंगणातही सोडली नाही. त्यांचं ऐकल्यावर मला वाटलं, शकु घरात पलंगावर सुद्धा सुरक्षित नाही. केबल कार कमरेपर्यंत खाली आली. त्यांची मुलगी सानिका म्हणाली, "बाबा, दॅट्स जस्ट अ चेअर." तिच्याकडे आम्ही दुर्लक्ष केलं.

शेवटी शकुची मिडवाइफ आली, मेरे नावाची. इकडे बाळंतपणात डॉक्टरपेक्षा मिडवाइफचा शब्द चालतो. "किया ओरा!" असा माओरी नमस्कार करून तिने झोपाळ्याला एक हिसका दिला, तार बघितली, पुल्या बघितल्या. "छान आहे. फक्त हिचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तेवढंच."

वॉरनने निमूटपणे पाना हातात घेतला. काम संपल्यावर आम्ही दोघं त्या वस्तूकडे बघत बसलो. झोपाळा गवताला घासत होता.

"हरीश, मेट," तो खिन्नपणे म्हणाला, "आता हा बाक झालाय."

जमिनीला चिकटलेल्या वस्तूला मी केबल कार म्हणणार नाही, हे माझं वाक्य डॉक्टरांना आठवत होतं. त्यांनी ते मला पाच-सहा वेळा ऐकवलं.

डोहाळजेवणाच्या दिवशी हवा स्वच्छ होती. आमच्या डेकवर बायका जमल्या होत्या. हॉस्पिटलमधल्या मराठी नर्सेस, वॉरनची बायको, मेरे, आणि कुणी बोलावलं माहीत नाही, पण काउन्सिलच्या त्या बाईही. वहिनींनी सगळ्या रोटोटुनातल्या बागांतून गुलाब मागून आणले होते. हिरव्या साडीत, डोक्यावर गुलाबांचा मुकुट, दंडात गुलाब, कमरेला गुलाब, अशी शकु बाहेर आली आणि मला क्षणभर तायफचा बाजारच आठवला. दिसत होती सुंदर, पण हसत नव्हती. पाहुण्यांशी गोड बोलत होती, जेवणाचं नाव काढलं की "नंतर" म्हणत होती. माझा जीव त्या "नंतर"पाशी अडकला होता.

नवीन वाहन म्हटल्यावर पूजा आलीच. मी पुल्यांना हळदकुंकू वाहिलं, हार घातला, वाटेवर नारळ फोडला. त्याचा एक तुकडा वॉरनच्या चपलेवर पडला. आणि दृष्ट लागू नये म्हणून माझ्याच झाडाचं पहिलं लिंबू, मिरच्यांसकट, पुढच्या पुलीला घट्ट बांधलं.

"लिंबू कशाला?" वॉरनने विचारलं.

"सेफ्टी."

त्याने मान डोलावली. सेफ्टीच्या नावाखाली त्याने इतकं सोसलं होतं की एका लिंबाचं त्याला काही वाटलं नाही.

"हरीश, तुम्ही पण बसा. जोडीने," वहिनींनी फर्मान काढलं.

"मी खालीच बरा. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं..."

"बसा!"

बसलो. बायकांनी डोहाळ्याचं गाणं धरलं. वॉरन आणि डॉक्टर यांनी ओकाकडून दोर ओढायला सुरुवात केली, आणि जगातली सर्वांत कमी उंचीची केबल कार गवत घासत निघाली. टाळ्या पडल्या. आम्ही लिंबाचं झाड ओलांडलं, पालकाचा वाफा ओलांडला, कुंपणाच्या खिंडारात शिरलो.

आमचं लॉन जिथे संपतं तिथे वॉरनची जमीन एकदम गुडघाभर खाली जाते, ही गोष्ट काउन्सिल, भूलशास्त्र आणि मिडवाइफरी या तिघांच्याही नजरेतून सुटली होती. आमचे पाय जमिनीवरून सुटले. नेमक्या त्याच क्षणी वर काहीतरी फचकन फुटलं, माझ्या डोळ्यात लिंबाचा रस उडाला, आणि केबल कार थांबली.

लिंबू पुलीत गेलं होतं. डॉक्टरांनी दोर ओढला, वॉरनने ओढला, दोघांनी मिळून ओढला. लिंबू, मिरच्या, दोरा आणि हार यांचा असा काही लगदा झाला होता की चाक जागचं हलेना. निम्मे आमच्यात, निम्मे वॉरनकडे, असे आम्ही कुंपणावर लोंबकळत राहिलो. गाणं बंद पडलं. दोन्ही अंगणांतून माणसं आमच्याकडे बघू लागली. एका फार्मासिस्टाची, घरमालकाची आणि होऊ घातलेल्या बापाची यापेक्षा जास्त शोभा होणं शक्य नव्हतं. इतके दिवस मी एकच काळजी वाहिली होती, की काही झालं तरी ही गाडी मध्येच थांबता कामा नये.

आणि माझ्या शेजारून एक आवाज आला. मला आधी वाटलं, शकु रडते आहे. मी घाबरून बघितलं. ती हसत होती. गुलाबांचा मुकुट एका कानावर आला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती पोट धरून हसत होती.

"थांबली!" ती म्हणाली. "अरे, थांबली!"

"आत्ता सोडवतो," वॉरन ओरडला. "शिडी आणतो."

"नो, नो, वॉरन! डोंट!" शकु ओरडली. मग डेककडे वळून म्हणाली, "वहिनी, कुणी हात लावू नका हं. अशीच राहू दे."

मग तिने तो प्रसंग सगळ्यांना सांगितला, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही अंगणांना ऐकू जाईल असा.

"लग्न होऊन पंधरवडा झाला होता. हा मला अहो-जाहो करायचा. मला वाटायचं, कुठल्या परक्या माणसाच्या घरात येऊन पडले मी! आणि मग त्या दिवशी ती तिकडे थांबली, आणि याने माझा हात असा धरला की बांगडी पिचकली. डोळे गच्च मिटून म्हणाला, 'अगं, सोडू नकोस हं मला.' आणि मग औषधांची नावं म्हणत बसला, रामरक्षेसारखी! मी एवढी हसले मनातल्या मनात. म्हटलं, नाही, हा आपलाच आहे."

"मी तुला धीर..." मी म्हणालो.

"हो, हो. आत्ताही देतोयस. हात बघ."

मी बघितलं. मी तिचा मनगटापासूनचा हात दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. खाली गुडघाभर अंतर होतं.

"मला ती केबल कार नको होती रे," ती हळू म्हणाली. "मला हे पाहिजे होतं. ती थांबलेली. रोटोरुआची मेली थांबलीच नाही."

डोळ्यांत लिंबाचा रस होता ते एक बरं होतं.

"वहिनी," शकु ओरडली, "मला भूक लागलीय! ताट इकडेच आणा. आणि हरीशने कैरीचं लोणचं आणून ठेवलंय ना, ती अख्खी बरणी आणा."

डेकवर एकच धावपळ उडाली. कुणी जेवण आमच्या बाजूने आणलं, कुणी वॉरनच्या बाजूने. एरवी गाडीसकट घरात जाणारी माणसं कुंपणाच्या खिंडाराभोवती पाटावर, खुर्च्यांवर, गवतावर बसली. वॉरनने लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि तो थेट बागेतल्या नळाकडे धावला. काउन्सिलच्या बाईंनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली. मेरे शकुच्या ताटाकडे बघून माझ्याकडे अंगठा वर करत होती. सांगलीला फोन लावून कुणीतरी तो शकुच्या कानाला धरला, आणि ती तोंडात घास घेऊनच म्हणाली, "आई, डोहाळे पुरवले गं. नंतर बोलते, जेवतेय."

वारा सुटला. झोपाळा जरासा हलला आणि माझी पकड आपोआप घट्ट झाली. शकुने लोणच्याचं बोट चाटलं, डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं.

"तेव्हा मेटोप्रोलोलपर्यंत आला होतास," ती म्हणाली. "पुढे काय?"

मी डोळे मिटले.

"मेट्रोनिडाझोल," मी म्हणालो. "मग एन. नॅप्रोक्सेन..."